बाबा म्हणतात, हार्टच्या डॉक्टरकडे गेलं की स्टेंट ठरलेलाच

वाचकाचं पत्र:

माझे बाबा ६१ वर्षांचे आहेत. दहा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. गेले तीन-चार महिने दोन जिने चढले की त्यांना धाप लागते, मध्येच थांबावं लागतं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. तरीही त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायला चिठ्ठी दिली. बाबा ऐकत नाहीत. 'ईसीजी नॉर्मल आहे ना, मग झालं. तिथं गेलं की आधी अँजिओग्राफी, मग स्टेंट, हे ठरलेलंच असतं,' असं त्यांचं म्हणणं. भाऊ म्हणतो, दाखवायचंच तर सरळ हार्ट सर्जनला दाखवू. आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, ४९व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, त्यामुळे आईने धास्ती घेतली आहे. हे डॉक्टर नेमकं करतात तरी काय? आणि मी ३४ वर्षांची आहे. मीही दाखवून घ्यायला हवं का?

उत्तर:

बाबांना घेऊन जा. तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठी दिली ती अगदी बरोबर दिली. मी स्वतः हृदयरोगतज्ज्ञ आहे, आणि 'ईसीजी तर नॉर्मल आहे' असं म्हणत घरच्यांच्या आग्रहाखातर आलेली माणसं ओपीडीत नेहमी भेटतात. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

ईसीजी म्हणजे हृदयात फिरणाऱ्या विजेची नोंद, तीही साधारण दहा सेकंदांची आणि माणूस शांत पडून असतानाची. ठोक्यांची लय बिघडली आहे का, पूर्वी अटॅक येऊन गेल्याच्या खुणा आहेत का, हृदयाची भिंत जाड झाल्याची शंका येते का, असं पुष्कळ काही त्यात दिसतं. पण हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी अर्ध्याहून जास्त अरुंद झालेली असली, तरी पडून असलेल्या माणसाचं तेवढ्या रक्तावर भागतं आणि ईसीजी नॉर्मल येतो. उभ्या गाडीकडे बघून ती चढ चढेल की नाही हे कसं सांगणार? बाबांची तक्रार तर चढतानाचीच आहे. अलीकडे सुरू झालेली धाप, दहा वर्षांचा रक्तदाब आणि वडील ४९व्या वर्षी गेलेले, एवढं एकत्र आल्यावर नॉर्मल ईसीजीवर थांबायचं नसतं. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर ती आनुवंशिकता आम्ही गांभीर्याने धरतो. बाबांच्या बाबतीत ती आहे.

मात्र ही धाप हृदयाचीच असेल असंही नाही. हिमोग्लोबिन उतरलं, फुप्फुसाचा जुना त्रास असला, थायरॉइड बिघडलं, वजन वाढलं, तरी दम लागतो. 'तुमचं हृदय चांगलं आहे, छातीच्या डॉक्टरांना दाखवा,' असं सांगून आम्ही कितीतरी जणांना परत पाठवतो. हृदयाचं काही नाही हे खात्रीने सांगता येणं, हा आमच्या कामाचा मोठा भाग आहे आणि बाबांनी तो लक्षातच घेतलेला नाही.

भावाला सांगा, सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ हे दोन वेगळे डॉक्टर. बायपास करणं, खराब झडप बदलणं, ही छाती उघडून करायची कामं सर्जनची. आम्ही आधी निदान करतो, औषधं देतो, आणि गरज लागली तर मनगटातून किंवा मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून आतलं काम करतो. १९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी पहिल्यांदा फुग्याने हृदयाची अरुंद वाहिनी आतून मोकळी केली, तिथून हे सुरू झालं. मोकळी केलेली वाहिनी पुन्हा आवळू नये म्हणून आत बसवायची जाळीची छोटी नळी, तोच स्टेंट. कोणाला नळीचा उपाय आणि कोणाला बायपास, हे आम्ही आणि सर्जन बरोबर बसून ठरवतो. मधुमेह आहे आणि तिन्ही वाहिन्यांत अडथळे आहेत, अशा माणसाला बरेचदा बायपासच जास्त लाभते, आणि तसं सांगायला आम्हाला कमीपणा वाटत नाही. पण बाबांचं अजून निदानच झालेलं नाही. आत्ता सर्जनकडे जाऊन काय विचारणार?

आता पहिल्या भेटीत काय होईल ते सांगते, कारण बाबांच्या मनातली भीती तिथलीच दिसते. निम्मा वेळ प्रश्नांत जातो. धाप किती जिन्यांवर लागते, महिन्याभरापूर्वी किती जिन्यांवर लागायची? थांबलं की किती मिनिटांत उतरते? छातीत दाब, जडपणा, जळजळ? झोपताना उशा किती लागतात? रात्री दम कोंडून उठून बसावं लागतं का? संध्याकाळी पायांत चप्पल घट्ट होते का? घोरतात का? मग नाडी, दोन्ही हातांचा रक्तदाब, मानेतली शीर किती वरपर्यंत फुगलेली दिसते ते, आणि नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहतो का ते. स्टेथोस्कोप छातीवर चार-पाच ठिकाणी ठेवून झडपांचे आवाज ऐकायचे. एवढ्यावरच बऱ्याचदा दिशा कळते. मशीन नंतर.

त्यातली बाबांची पहिली मशीनची तपासणी बहुधा इको असेल. ही हृदयाची सोनोग्राफी. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, दुखत नाही. रिपोर्टवर 'ईएफ ६०%' असा एखादा आकडा असेल आणि घरी जाऊन तुम्ही सगळे घाबराल. आधीच सांगून ठेवते, ६० टक्के म्हणजे हृदय ४० टक्के खराब झालं असं नव्हे. डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं, त्यातलं किती एका ठोक्याला बाहेर पडतं, त्याचं ते प्रमाण. निरोगी हृदयातही ते साधारण ५५ ते ७० च्या दरम्यान असतं. शंभर टक्के कोणाचंच नसतं.

उलट दुसरी चूक जास्त महाग पडते. ईएफ छान आहे म्हणून काहीच नाही, असंही समजू नका. वर्षानुवर्षं वाढलेल्या रक्तदाबाविरुद्ध काम करून हृदयाची भिंत जाड होते, ताठ होते. असं हृदय आकुंचन नीट पावतं, पण सैल पडून भरत नाही. मग चालताना, चढताना मागे फुप्फुसात दाब वाढतो आणि धाप लागते. हार्ट फेल्युअरच्या सुमारे निम्म्या रुग्णांत ईएफ असा नॉर्मलच असतो. आणि हार्ट फेल्युअर हा शब्द ऐकून हबकू नका. त्याचा अर्थ हृदय बंद पडलं असा नाही, शरीराला हवं तेवढं काम त्याला झेपत नाही असा आहे. बाबांना असं काही निघालं, तर उपचार काय? रक्तदाब काटेकोर आटोक्यात आणणं, साठलेलं पाणी काढणारी गोळी, मुळात मधुमेहासाठी आलेली आणि आता हृदयालाही उपयोगी ठरलेली काही औषधं, वजन, व्यायाम. स्टेंटचा यात संबंधच येत नाही.

इकोनंतर गरज वाटली तर स्ट्रेस टेस्ट. पट्ट्यावर चालवतात, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतात, आणि ईसीजी सतत चालू ठेवतात. नाहीतर सीटी अँजिओग्राफी, ज्यात हाताच्या शिरेतून औषध सोडून स्कॅनमध्ये वाहिन्या पाहतात. नळी घालून करायची अँजिओग्राफी या सगळ्यानंतर आणि कारण असेल तरच.

बाबांच्या स्टेंटच्या संशयाकडे मला नीट यायचं आहे, कारण तो अगदी निराधार नाही. घाईने स्टेंट घातल्याच्या तक्रारी मीही ऐकलेल्या आहेत. पण त्यावर उपाय डॉक्टरकडे न जाणं हा नाही, योग्य प्रश्न विचारणं हा आहे. त्यासाठी दोन परिस्थिती वेगळ्या ओळखायला हव्यात.

एक, हार्ट अटॅक. वाहिनीत गुठळी होऊन रक्त अचानक थांबलेलं असतं आणि हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. तिथे ती वाहिनी लगेच उघडणं म्हणजे जीव वाचवणं. रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत फुगा फुगला पाहिजे, या हिशेबाने पूर्ण टीम धावते. तिथे 'जरा विचार करून सांगतो' म्हणू नका.

दोन, स्थिर त्रास. चालताना छाती भरते, थांबलं की बरं वाटतं, महिनोन् महिने तसंच. या लोकांसाठी २०२० मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, इस्केमिया नावाचा. ५,१७९ रुग्ण, ३७ देश. अर्ध्यांना चांगली औषधं दिली, उरलेल्या अर्ध्यांना औषधांबरोबरच सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास. सरासरी तीनेक वर्षांनी दोन्ही गटांत मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नव्हता. ज्यांना वारंवार छातीत दुखायचं, त्यांना स्टेंट-बायपासने आराम मात्र जास्त मिळाला. ज्यांच्या डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा होता किंवा हृदय फारच कमजोर होतं, ते या अभ्यासात नव्हते, त्यांचा विचार वेगळाच करावा लागतो. म्हणून उद्या बाबांना स्टेंट सुचवला गेलाच तर विचारा: 'हा आयुष्य वाढवण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? आधी औषधं नेटाने घेऊन पाहिली तर त्यात धोका काय?' चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. आणि अँजिओग्राफीला जाण्याआधीच स्पष्ट सांगता येतं, की आज फक्त तपासणी करा, पुढचं आम्ही सीडी घेऊन, दुसरं मत घेऊन ठरवू. अँजिओग्राफी ही तपासणी आहे, अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने वाहिनी उघडून स्टेंट बसवणं, हा उपचार. एकाला होकार दिला म्हणजे दुसऱ्याला दिला असं होत नाही.

स्टेंट बसलाच, तर त्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. किती महिने ते डॉक्टर सांगतील. दात काढायचा म्हणून त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, आधी फोन करायचा. बंद केल्यामुळे स्टेंटमध्ये गुठळी झालेले रुग्ण मी पाहिलेले आहेत, आणि ते टाळता आलं असतं याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

तुम्ही विचारलंत, हे डॉक्टर नेमकं करतात तरी काय. खरं सांगायचं तर आमचं बहुतेक काम नळी आणि फुग्याचं नाहीच. एकाच माणसावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवण्याचं आहे. हार्ट फेल्युअरचंच घ्या. औषधं अगदी कमी डोसने सुरू होतात आणि दर दोन-तीन आठवड्यांनी, रक्तदाब, नाडी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) व पोटॅशियम बघत वाढवत न्यावी लागतात. लोकांना वाटतं, डॉक्टर सारखे गोळ्या बदलतात, म्हणजे यांना काही कळत नाही. पण डोस असा चढवत नेण्यातच रुग्णाचा फायदा आहे, पहिल्या चिठ्ठीवरच्या डोसवर वर्षभर राहिलं तर औषधाचं पूर्ण बळ मिळतच नाही. असे रुग्ण रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करून वहीत लिहितात. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते शरीरात साठलेलं पाणी असतं. त्याच दिवशी कळवलं तर एका गोळीच्या फेरफारावर निभावतं. आठवडाभर वाट पाहिली तर ॲडमिट व्हावं लागतं.

ठोक्यांच्या लयीचं काम वेगळंच आहे आणि त्यासाठी आमच्यातलेही वेगळे तज्ज्ञ असतात. धडधड येऊन जाणाऱ्यांना होल्टर लावतात, म्हणजे छातीवर छोटं यंत्र लावून दिवसभराची, कधी त्याहून जास्त वेळाची नोंद. एट्रिअल फिब्रिलेशन या अनियमित लयीत पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, म्हणून रक्ताची गुठळी न होऊ देणारी औषधं द्यावी लागतात. त्यातलं जुनं औषध वॉरफेरिन घेणाऱ्यांना आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासत राहावं लागतं, बहुतेकांचा तो २ ते ३ च्या मध्ये ठेवतो. नव्या औषधांना ती कटकट नाही, पण धातूची झडप बसवलेल्यांना ती चालत नाहीत. ठोके फारच मंदावले तर पेसमेकर, म्हणजे विजेच्या हलक्या झटक्यांनी ठोके चालू ठेवणारं छोटं यंत्र. त्याची भीती वाटणाऱ्यांना मी आर्ने लार्सन यांच्याबद्दल सांगते. १९५८ साली स्टॉकहोममध्ये शरीराच्या आत ठेवायचा जगातला पहिला पेसमेकर त्यांना बसवला गेला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे त्यांचे पेसमेकर कितीतरी वेळा बदलावे लागले, आणि तरी ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत जगले.

लहानपणी रुमॅटिक फीव्हर (घशाच्या संसर्गानंतर येणारा, झडपांना इजा करू शकणारा ताप) झालेल्यांना झडपा आणखी बिघडू नयेत म्हणून तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यावं लागतं. जन्मतः हृदयात छिद्र असलेली मुलं आता मोठी होऊन नोकरी-संसार करतात, त्यांचा फॉलोअप असतो. झडपेचा आजार असलेली बाई गरोदर राहिली तर प्रसूतितज्ज्ञ आणि आम्ही मिळून तिला सांभाळतो. केमोथेरपीची काही औषधं हृदयाला त्रास देतात, म्हणून कर्करोगाचे डॉक्टर मध्ये मध्ये इको करून घेतात. गुडघ्याचं किंवा इतर मोठं ऑपरेशन ठरलं की फिटनेस विचारायला येतात. अटॅक येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा जिना चढण्याचा, प्रवासाचा, कामावर जाण्याचा, शरीरसंबंधाचा धीर देणं हेही आमच्याकडेच. शेवटची गोष्ट विचारायला लोक संकोचतात. संकोच करू नका.

आता बाबांना तयार कसं करायचं? वाद घालू नका. 'आपण फक्त धाप कशाने लागते ते विचारून येऊ, त्या दिवशी कशावरही सही करायची नाही,' एवढंच सांगा, आणि खरोखर तसंच करा. जाण्याआधी आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून लिहून ठेवा. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवा, दंड हृदयाच्या पातळीला ठेवा आणि मोजताना बोलू देऊ नका. दवाखान्यात दाब वाढतो अशी पुष्कळ माणसं असतात, त्यामुळे ही वही आमच्या एका मोजणीपेक्षा जास्त सांगते. त्या दिवशीची रक्तदाबाची गोळी चुकवू नका. जुने रिपोर्ट न्या आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, स्वतःच्या मनाने घेतलेल्यासुद्धा. गुडघे-पाठ दुखते म्हणून वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर आवर्जून सांगा. त्यातल्या अनेक गोळ्या पाणी धरून ठेवतात आणि रक्तदाब चढवतात. कधीकधी निम्मी धाप तिथेच सापडते.

अपॉइंटमेंट लांबची मिळत असेल तर एक पाहा. धाप आता एकाच जिन्यावर लागायला लागली, सपाटीवर लागायला लागली, रात्री उठवायला लागली, किंवा चालताना चक्कर येऊन ते पडले, तर फॅमिली डॉक्टरांना फोन करून त्याच दिवशी दाखवायची सोय करून घ्या. आणि बसल्या जागी छातीवर दाब आला, तो जबड्यात, खांद्यात किंवा हातात उतरला, गार घाम फुटला आणि काही मिनिटांत थांबला नाही, तर अपॉइंटमेंट विसरा. ॲम्ब्युलन्स बोलवा. बाबांना जिना चालत उतरू देऊ नका, गाडी चालवू देऊ नका, आणि ॲसिडिटी असेल म्हणून वाट पाहू नका. आईलाही सांगून ठेवा, की बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत न दुखता नुसती धाप, मळमळ किंवा विचित्र थकवा एवढ्यावरच अटॅक येऊ शकतो.

राहता राहिला तुमचा प्रश्न. तुम्हाला काही त्रास नसेल तर ३४व्या वर्षी इको, स्ट्रेस टेस्ट, सीटी यातलं काही करायची गरज नाही. तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडेच रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, आणि एलपी-ए, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एका कणाची चाचणी, आयुष्यात एकदा करून घ्या. त्याचं प्रमाण आनुवंशिक असतं आणि आजोबांसारख्या लवकर आलेल्या अटॅकमागे कधी कधी ते वाढलेलं निघतं. सिगारेट ओढत असाल तर ती सोडणं हे या सगळ्या तपासण्यांपेक्षा मोठं काम आहे. बाबांचा लिपिड (कोलेस्टेरॉलचा) रिपोर्ट आला की त्यातला एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा आकडा मला कळवा. तो १९० किंवा त्याहून जास्त निघाला तर मग तुम्ही आणि भाऊ, दोघांनीही हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घ्या, कारण तशा घरात औषध तरुणपणीच सुरू करावं लागतं.